थंड प्लग, गरम डोकी

स्पार्क प्लग बदलला की गाडीची ताकद वाढते असं मानणाऱ्यांची आपल्याकडे अजून शिरगणती झालेली नाही. झालीच, तर तो आकडा पत्रिका मानणाऱ्यांच्या खालोखाल भरेल याबद्दल मला शंका नाही. दोन्ही पंथांचं तत्त्वज्ञान एकच. खडा जितका महाग, तितका त्याचा गुण मोठा. पुष्कराजाच्या जागी इरिडियम आलं आणि बोटाच्या जागी सिलिंडर हेड आलं, एवढाच काय तो फरक. पत्रिकावाले निदान शनी कुठल्या घरात आहे एवढं तरी विचारतात. प्लगवाले तेवढेही कष्ट घेत नाहीत. ते थेट विचारतात, "बजेट किती आहे?"

कारखान्यातून धडधाकट निघालेली गाडी विकत घ्यायची आणि तिथल्या इंजिनियरांना जे सुचलं नाही ते तिच्यात घालायचं, या उद्योगाला मॉडिफिकेशन म्हणतात. हवेचा फिल्टर बदलतात, धुराची नळी रुंद करतात, टर्बोचं प्रेशर चढवतात, गाडीतल्या कॉम्प्युटरचा 'मॅप' नव्याने लिहून घेतात. या हौसेला माझा विरोध नाही. सायकलच्या चाकात पत्ता अडकवून फटफटीचा आवाज काढणाऱ्या पिढीने असल्या हौसेला नावं ठेवू नयेत. माझा विरोध आहे तो याच्या पुढच्या अंकाला. लाखभर रुपये खर्च झाल्यावर चार प्लग निवडायची वेळ येते, आणि तोवर आलेख काढून बोलणारी ही हुशार मुलं अचानक भाविक होतात. "अमुकच प्लग टाक, मख्खन चालते गाडी!" असं कुणीतरी सांगतो, आणि सगळे माना डोलावतात. मख्खन हे मोजण्याचं एकक भौतिकशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

तेव्हा आधी प्लगचं काम काय ते पाहू. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं गेलं की योग्य क्षणी एक ठिणगी पाडायची. संपलं काम. हे काम सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला 50 वेळा ठिणगी पाडावी लागते, तीही दोन हजार अंशांच्या वर जाणाऱ्या ज्वाळेत उभं राहून. पण शेवटी प्लग म्हणजे लग्न लावणारे भटजी. मुहूर्त चुकवायचा नाही, अक्षता वेळेवर पडल्या पाहिजेत, ही त्यांची जबाबदारी. पुढचा संसार सुखाचा होतो तो नवराबायकोच्या गुणांवर. भटजींनी सोवळं रेशमी नेसलं म्हणून सून गुणाची निघत नाही. ताकद येते ती पेट्रोल आणि हवा यांच्या जळण्यातून. ठिणगीने मिश्रण नीट पेटलं की पेटलं. त्याहून जास्त पेटवून घ्यायला तिथे काही उरलेलंच नसतं.

इथे कुणीतरी हात वर करून उठणार, हे मला माहीत आहे. "पण मी स्वतः बदलून बघितलाय! गाडीत फरक पडला!" पडणारच. झिजलेल्या, काजळी धरलेल्या प्लगची ठिणगी चुकते, आणि चुकलेल्या ठिणगीबरोबर ताकदही जाते. नवा प्लग घातला की गेलेली ताकद परत येते. चष्म्याची काच पुसल्यावर लांबची पाटी वाचता येते, म्हणून धोतराच्या सोग्याने नजर वाढते असं आपण म्हणत नाही. तोच फरक साध्या नव्या प्लगनेही पडला असता, पण साधा प्लग घालून कुणी बघतच नाही. पाच-सहापट पैसे मोजल्यावर गाडी पूर्वीसारखीच चालते असं म्हणायला मनाचा जो मोठेपणा लागतो, तो मी अजून कुणात पाहिलेला नाही.

आमच्या पिढीला प्लगचं एवढं कौतुक नव्हतं, कारण प्लग रोज भेटायचा. ऑफिसला निघायच्या वेळी स्कूटर कलती करायची, चार किका मारायच्या, मग घामाघूम होऊन प्लगपाना काढायचा. काळाठिक्कर, तेलकट प्लग बाहेर यायचा. तो पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. डिकीत एक जादा प्लग आणि एक कळकट फडकं नसलेला गृहस्थ त्या काळात बेजबाबदार समजला जाई. बहुतेकांचा प्लग मायकोचा. या मायको कंपनीचं नाव 2008 साली बदलून बॉश झालं, पण नाशिकचं मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं. त्या काळी प्लग हे गाडीच्या तब्येतीचं लक्षण होतं. वैद्य जीभ बघतात तसा आम्ही प्लग बघत असू. औषध म्हणून जीभच बदलायची कल्पना मात्र आम्हाला सुचली नव्हती.

आता धातूंकडे येऊ, कारण दुकानातला सगळा मंत्रोच्चार धातूंचा असतो. सगळ्यात स्वस्त तो 'कॉपर' प्लग. हे नावच मुळात फसवं आहे. तांबं असतं ते आत, गाभ्यात, उष्णता वाहून न्यायला. ठिणगीला तोंड देतो तो निकेलचा मिश्रधातू. तांब्याचा वितळणबिंदू 1085 अंश सेल्सियस, निकेलचा 1455, प्लॅटिनमचा 1768 आणि इरिडियमचा 2446. हे आकडे एका ओळीत ऐकवले की गिऱ्हाईक गार होतं. त्याला वाटतं, आपण सगळ्यात मोठा आकडा विकत घेतोय. पण या आकड्यांचा अर्थ एवढाच की इरिडियम लवकर झिजत नाही. म्हणूनच त्याचं टोक बारीक करता येतं. बाजारात 0.6 मिलिमीटरची, अगदी 0.4 मिलिमीटरचीही टोकं मिळतात. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडी मारते, कॉइलवर ताण कमी येतो. हे गुण खरे आहेत, आणि ते मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं बॉनेट न उघडणाऱ्या माणसाला दीर्घायुषी प्लग म्हणजे वरदानच.

पण मॉडिफाइड इंजिनाचा मालक तसा असतो का? त्याला तर दर महिन्याला प्लग काढून बघायचा असतो, निदान बघायला हवा असतो. जी वस्तू तुम्ही सारखी काढणार, तपासणार आणि शंका आली की फेकणार, ती लाख किलोमीटर टिकते म्हणून तिच्यावर पाचपट खर्च करायचा? रोज नवी कणीक मळणाऱ्या बाईला टिकाऊ पोळी विकण्यासारखं आहे हे. गाडी कारखान्यातूनच इरिडियम घेऊन आली असेल, तर त्याच जातीचा प्लग ठेवावा. तिची कॉइल त्या हिशेबाने बसवलेली असते. पण निकेलवर सुखाने चालणाऱ्या इंजिनाला केवळ ताकद वाढवली म्हणून इरिडियमची मुंज करायचं काही कारण नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर कित्येक मंडळी साधे निकेलचे प्लग घालतात आणि पुनःपुन्हा बदलतात. त्यांना हे परवडतं म्हणून नव्हे. त्यांना कळतं म्हणून.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे चार टोकांचा प्लग. मधे एक इलेक्ट्रोड आणि भोवती चार. गिऱ्हाइकाची समजूत अशी की एकदम चार ठिणग्या पडणार. पडते एकच, जिथून वाट सगळ्यात सोपी असेल तिथून. घराला चार दारं असली तरी चोर एका वेळी एकाच दारातून येतो. एक दार झिजलं की दुसरं उपयोगी पडतं, त्यामुळे प्लग जास्त टिकतो, एवढाच त्याचा अर्थ.

पण धातूबद्दलची अंधश्रद्धा फक्त खिसा कापते. इंजिनाचा जीव घेते ती 'हीट रेंज'बद्दलची. 'थंड' प्लग आणि 'गरम' प्लग हे शब्द ज्याने शोधले त्याला भाषेची शिक्षा व्हायला हवी होती. 'गरम' प्लगची ठिणगी जास्त कडक असते, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. ठिणगीचा इथे काही संबंधच नाही. प्रश्न आहे तो प्लगच्या टोकाला लागलेली उष्णता किती लवकर बाहेर पडते याचा. स्वयंपाकघरातला झारा घ्या. आखूड दांड्याचा झारा कढईत धरला की चटका लगेच हातापर्यंत येतो. लांब दांड्याच्या झाऱ्यात उष्णता टोकाकडेच रेंगाळते. प्लगमधलं चिनीमातीचं नाक आखूड असेल, तर टोकाची उष्णता लवकर हेडमध्ये उतरते आणि टोक निवतं. तो थंड प्लग. नाक लांब असेल, तर टोक तापलेलं राहतं. तो गरम.

आता हे टोक किती तापावं? फार निवूनही चालत नाही. साधारण 450 अंशांच्या वर गेलं की टोकावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साचते, वीज तिच्यावरून पळते आणि ठिणगी चुकते. उलट टोक साडेआठशेच्या वर गेलं की तेच निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून ज्वाळा त्याच्या डोक्यावर बसते! अक्षता वाटायच्या आधीच वरात निघाली तर मांडवात काय होईल, तसं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा असतो. त्याला भोक पडायला काही सेकंद पुरतात. म्हणजे आपल्याला जगायला जागा मिळाली ती साडेचारशे ते साडेआठशे या पट्ट्यात. ताकद वाढवली की सिलिंडरमधली उष्णता वाढते, म्हणून जास्त ताकदीच्या इंजिनाला थोडा थंड प्लग लागतो. एवढंच शास्त्र. एक पायरी बदलली की टोकाचं तापमान साधारण 70 ते 100 अंशांनी बदलतं.

एवढं साधं प्रकरण माणसाने सुखाने राहू दिलं असतं, तर कंपन्या कशाला निघाल्या असत्या? एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका गरम. बॉशच्या जुन्या, तीन आकडी क्रमांकात पुन्हा उलट; तिथे मोठा आकडा थंड. बरं, दोन जपान्यांचं तरी एकमत असावं? एनजीकेचा 6 म्हणजे डेन्सोचा 20, आणि 7 म्हणजे 22. एका घरात थोरली असलेली सून शेजारच्या घरात धाकटी आणि तिसऱ्या घरात सासू! हा तक्ता पाठ असल्याशिवाय एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा बसवू नये. आणि आपल्याकडे गल्ल्यावर बसलेला माणूस तो तोंडी बसवून देतो.

याचं फळ मी जवळून पाहिलं आहे. माझ्या पुतण्याकडे एक पोलो आहे. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीच्या कागदावर 105 अश्वशक्ती, जन्म आपल्या चाकणचा. त्याने तिचा 'स्टेज वन' मॅप करून घेतला. म्हणजे फक्त कॉम्प्युटरची मुंज. इंजिनाला हात नाही. पंचवीस-तीस अश्वशक्ती वाढली. लगेच एका दुकानात त्याला दोन पायऱ्या थंड असे इरिडियमचे शर्यती प्लग देण्यात आले. "रेसिंगचे आहेत," असं सांगून. आता ही गाडी रेस कुठे करते? कोथरूडहून हिंजवडीला. सकाळी चांदणी चौकापासून पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. मग नऊ तास ऑफिसच्या पार्किंगमध्ये. संध्याकाळी तीच वारी उलट दिशेने. त्या प्लगांच्या टोकांनी साडेचारशे अंश आयुष्यात पाहिले नसतील. आठवड्याभरात गाडी मिसिंग करायला लागली.

"काका, नवीन प्लग आहेत, सेट व्हायला वेळ लागतो," पुतण्या म्हणाला.

"अरे, तो काय नवा जावई आहे? काढ बाहेर आणि बघ."

"तुमच्या स्कूटरच्या वेळची गोष्ट वेगळी होती, काका. आता सगळं कॉम्प्युटरवर कळतं."

"काय कळतं?"

"मिसफायर होतंय एवढं कळतं."

"ते मला गच्चीवरून ऐकू येतं. का होतंय, ते कळतं का?"

चारही प्लग बाहेर आले ते चुलीत घालून काढल्यासारखे. प्लग बनवणाऱ्यांचाच एक ढोबळ नियम आहे: 75 ते 100 अश्वशक्ती वाढली की एक पायरी थंड. इंजिन लहान आहे, प्रत्येक सिलिंडरवर बोजा जास्त पडतो, हे धरलं तरी पंचवीस-तीस अश्वशक्तीला फार तर एक पायरी. दोन कुठल्या हिशेबाने, ते त्या दुकानदारालाच ठाऊक. पुतण्याने मूळ जातीचे प्लग आणून बसवले. गाडी त्या दिवसापासून गप्प आहे, आणि दुकानदाराचं नाव निघालं की पुतण्याही.

हे थोडक्यात निभावलं. त्याच्या मित्राचं निभावलं नाही. त्या मुलाची गाडी खरोखरच ट्रॅकवर पळणारी. टर्बो मोठा, प्रेशर भरपूर. त्याला 7 नंबरपेक्षा एक पायरी थंड प्लग हवा होता. दुकानात त्याच कंपनीचा मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा 8 नंबरचा दिला गेला. "एकच नंबर वर आहे, बिनधास्त टाक." त्या दुसऱ्या घरात 8 म्हणजे थंड नव्हे, गरम! कोइमतूरच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत पांढरा धूर निघाला आणि एका पिस्टनच्या माथ्यावर रुपयाएवढं भोक पडलं. खर्चाचा आकडा सहा आकडी होता. इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तो मुलगा अजून फेडतोय. त्या बिलात चार प्लगांची किंमत शोधायला भिंग लागलं असतं. आणि दुकानदाराचं म्हणणं काय? "मॅपमध्ये गडबड असणार." सांगणारा नामानिराळा राहतो आणि ऐकणारा हप्ते भरतो, ही आपल्याकडच्या फुकट सल्ल्याची जुनीच रीत आहे. माझं भांडण आहे ते या रीतीशी.

आता 'गॅप'. जनरेशन गॅपवर तासभर बोलणारे लोक प्लगच्या गॅपबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. दोन टोकांमधलं अंतर. सर्वसाधारण गाडीत ते 0.8 ते 1.1 मिलिमीटर असतं. हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रीडरिश पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 साली हा दाबाचा आणि अंतराचा हिशेब मांडून ठेवला आहे, म्हणजे मोटारगाड्या जेमतेम रांगत होत्या तेव्हा. टर्बोचं प्रेशर वाढवायचं आणि अंतर मात्र तेच ठेवायचं, म्हणजे गर्दी वाढली तरी लोकलच्या दारातून पूर्वीसारखंच ऐटीत उतरू म्हणण्यासारखं आहे. नेमकी जास्त ताकद मागितली की ठिणगी विझते. म्हणून अशा इंजिनात गॅप कमी करतात, पुष्कळदा 0.6 ते 0.7 मिलिमीटरच्या आसपास. हे काम फीलर गेजने होतं, आणि गेज एखाद्या हॉटेलातल्या दोन मसाला डोशांच्या किमतीत येतं. पण ते कुणी घेत नाही, कारण त्याच्यावर 'रेसिंग' असं लिहिलेलं नसतं.

"डब्यातून सेट करूनच येतो," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. येतो ना! पण तो सेट केलेला असतो मूळ इंजिनासाठी. तुम्ही मूळ इंजिन ठेवलंय कुठे? शिवाय टपालात, दुकानात, मिस्त्रीच्या हातात तो दोन-चार वेळा पडतो. इरिडियमचं ते बारीक टोक काचेसारखं नाजूक. नाण्याच्या आकाराचं गेज त्यात घुसवून कुणी पिळलं, की हजाराचा प्लग जागच्या जागी शंभराचा होतो. अशा प्लगला तारेचं गेज वापरावं आणि वाकवायचीच वेळ आली तर बाहेरचं टोक वाकवावं, मधल्याला हात लावू नये.

बसवण्याचा प्रकार तर डोळ्यांनी बघवत नाही. आपल्याकडे 'घट्ट' या शब्दाला वरची मर्यादा नाही. लोणच्याची बरणी उघडत नाही तोवर तिचं झाकण नीट लावलं असं आपण म्हणत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मिलिमीटर आट्यांच्या, वॉशरच्या नव्या प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल, तर हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. पण मिस्त्रीला वाटतं, एवढा महागाचा प्लग, जरा आवळून घेऊ! वर आट्यांना ग्रीस चोपडतो. प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. त्यावर ग्रीस लावलं की आटे सुळसुळीत होतात आणि तेवढ्याच जोरात प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. त्यामुळे ग्रीस लावू नका, असं एनजीकेसारखी कंपनी स्वतःच सांगते. पण कंपनीने छापलेलं वाचायचं नाही, हा आपला स्वाभिमान.

मग प्लग निवडावा तरी कसा? उत्तर इतकं रुक्ष आहे की त्याची जाहिरात कधीच होणार नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्लगपासून सुरुवात करावी. आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बसायची जागा, आतला रेझिस्टर, यांत काडीचा बदल करू नये. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला भेटायला जातो. कमी झाली तर हेडचे उघडे आटे काजळी धरतात. रेझिस्टर नसला तर ठिणगीची खरखर गाडीच्या कॉम्प्युटरच्या कानात जाते. बदलायचीच तर हीट रेंज, आणि तीही एका वेळी एक पायरी. गॅप मोजून ठेवावा. ज्याने मॅप लिहिला त्याला विचारावं की त्याने कुठला प्लग आणि किती गॅप धरून लिहिला. जो सांगू शकत नाही त्याचा मॅपही संशयास्पद समजावा. मग गाडी जोरात पळवावी, अर्थात ट्रॅकवर, इंजिन बंद करावं, प्लग निवू द्यावा, काढावा आणि बघावा.

बघण्यात काय असतं म्हणाल, तर सगळं असतं. नाक फिकट राखाडी किंवा बदामी असेल, तर सुखाने झोपावं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. तेलाने ओला असेल, तर दुखणं प्लगचं नाही, पिस्टन रिंगचं किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं आहे. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे फार तापलेला. आणि चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर किल्ली खिशात घालून रिक्षाने घरी जावं, कारण ते ठिपके तुमच्या पिस्टनचे आहेत. 2000 साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आल्यापासून रंग पूर्वीइतके ठसठशीत उमटत नाहीत, हे खरं. पण नीट बघणाऱ्याला प्लग अजूनही खोटं सांगत नाही. इंजिनाच्या पोटात जाऊन परत आलेला तो एकमेव साक्षीदार आहे, आणि आपण त्याची साक्ष न घेता त्याचा सत्कार करत बसलो आहोत.

जाता जाता कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून हौस ट्रॅकवर फेडावी. लक्ष्मी रस्त्यावर ती फेडायला जागाही नाही.

काही जण म्हणतील, आता या चर्चेचे दिवसच भरले. गाड्या विजेवर चालणार. 2020 साली चेतक पुन्हा आली ती विजेवरच, आणि तिला प्लग लागतो तो भिंतीतला! मान्य. पण 'सगळ्यात चांगला कुठला?' असं विचारायची आपली खोड काही विजेवर चालत नाही. ती डॉक्टर निवडताना, शाळा निवडताना, सुनेसाठी मिक्सर निवडतानाही आपल्याबरोबर येते. सगळ्यात चांगला प्लग नावाची वस्तू जगात नाही. या इंजिनाला, या कामाला, या दाबाला योग्य असा प्लग असतो, आणि तो पुष्कळदा काचेच्या कपाटात नव्हे, गल्ल्याखालच्या धुळकट खोक्यात पडलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की स्वतः काही बोलू नका. फक्त ऐका. "इंजिन कुठलं? किती प्रेशर? कुठे चालवता? जुना प्लग आणलाय का?" असं समोरच्याने विचारलं, तर तो जे देईल ते घ्या, शंभराचं असलं तरी. त्याने पहिलं वाक्य 'बजेट'चं उच्चारलं, तर पैसे खिशात ठेवा आणि दुकानाची पायरी उतरा. आपल्याला हवी असलेली ती एक पायरी हीच.